सुटं कपाट भिंतीत बसवल्यासारखं दिसावं म्हणून: वाकड्या भिंतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तयार मिळणारी कपाटं काटकोनात बनतात, भिंती मात्र हाताने प्लास्टर केलेल्या असतात. दोन्ही एकमेकांना लावले की कुठे बोटभर, कुठे दोन बोटं फट राहते आणि कपाट नंतर आणून टेकवलेलं आहे हे लगेच कळतं. ही फट नाहीशी करण्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळी मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कारण या कामात सेंटिमीटर हे फार ढोबळ माप आहे.

भिंत किती वाकडी आहे हे कपाट घेण्याआधी कसं तपासायचं?

तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: भिंत ओळंब्यात (म्हणजे अगदी सरळ उभी) आहे का, सपाट आहे का आणि कोपरा गुण्यात (म्हणजे काटकोनात) आहे का. ओळंब्यासाठी छताजवळ खिळा मारून दोरीला वजन बांधून सोडा आणि दोरी ते भिंत हे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. सपाटीसाठी दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी भिंतीला लावून बाजूने टॉर्च मारा, म्हणजे पोट कुठे आलंय आणि खळगा कुठे आहे ते उजेडात स्पष्ट दिसतं. कोपऱ्यासाठी जुनी ३-४-५ ची पद्धत पुरते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६०० वर खूण करा, दुसरीवर ८०० वर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १००० भरलं तर कोपरा काटकोनात आहे. जास्त भरलं तर कोपरा उघडा आहे, कमी भरलं तर मिटलेला.

आकडे भिंतीवरच पेन्सिलने लिहून ठेवा. कागद हरवतो.

भिंतच तिरकी आहे, तर कपाटही तसंच तिरकं लावून टाकलं तर काय बिघडतं?

दारं बिघडतात. बॉक्स, म्हणजे दारं सोडून उरलेलं कपाटाचं खोकं, जरासा पिळला गेला की दोन दारांमधली फट वर ३ आणि खाली ७ दिसते, दार आपोआप उघडतं किंवा मिटतं, ड्रॉवर एका बाजूला घासतो. बिजागऱ्यांमध्ये स्क्रूने जुळवून घ्यायची सोय असते, पण ती साधारण दोन-तीन मिलिमीटरची. त्यापलीकडचा दोष त्यातून निघत नाही.

म्हणून या सगळ्या कामाचा पाया एवढाच: कपाट स्वतःच्या ओळंब्यात उभं राहील आणि भिंतीची वाकडी रेघ फक्त फिलर पट्टी, म्हणजे कपाट आणि भिंत यांमधली फट झाकणारी पट्टी, सांभाळेल. ज्यांची कामं फसलेली दिसतात, त्यांनी बहुतेक वेळा कपाटालाच भिंतीची समजूत काढायला लावलेलं असतं.

दोन भिंतींमधल्या खोलगट जागेत कपाट बसवायचं आहे. माप कुठे घ्यायचं आणि किती जागा सोडायची?

रुंदी नऊ ठिकाणी मोजा: तळाशी, मध्यावर आणि वर, आणि या तिन्ही उंचींवर पुढे, मधे आणि मागे. सगळ्यात लहान आकडा हीच तुमची खरी रुंदी. पुष्कळ जण फक्त समोरून मोजतात आणि जागा मागे निमुळती होत असेल तर कपाट अर्ध्यावर अडकतं.

त्या लहान आकड्यातून दोन्ही बाजूंना मिळून निदान ८० ते १०० मिमी वजा करा आणि त्यात बसणारं कपाट निवडा. "एवढी जागा वाया का घालवायची?" असं सगळेच विचारतात. पण १५ मिमीची पट्टी कापणं, धरणं, बसवणं तिन्ही जिकिरीचं असतं, आणि ४०-५० ची पट्टी दिसायलाही जाणूनबुजून ठेवल्यासारखी वाटते. उरलेली जागा दोन्हीकडे सारखी वाटा. एकीकडे २० आणि दुसरीकडे ८० असलं की कितीही सफाईने केलं तरी डोळा तिथेच जातो.

कपाट छताच्या उंचीपेक्षा कमी आहे, तरी उभं करताना छताला का अडकतं?

आडवं ठेवून जोडलेलं कपाट उभं करताना त्याची उंची नव्हे, तिरका कर्ण छताखालून जावा लागतो. उदाहरणार्थ, २३६० उंच आणि ५८० खोल कपाटाचा कर्ण २४३० भरतो. छत २४०० वर असेल तर चाळीस मिलिमीटर मोकळे दिसत असूनही ते उभं राहणार नाही.

वाट दोन प्रकारची. एक म्हणजे कपाट उभ्यानेच जोडायचं. पण प्रत्येक कंपनीच्या जोडणीत ते जमत नाही आणि दोन माणसं लागतात. दुसरी, जास्त खात्रीची: बैठक, म्हणजे कपाटाखालची चौकट, वेगळी करायची. समजा बॉक्स २२५० उंच आणि ६०० खोल आहे. त्याचा कर्ण साधारण २३२९ येतो, म्हणजे २४०० च्या खोलीत तो आरामात उभा राहतो. मग तो उचलून १०० मिमी उंच बैठकीवर ठेवला की माथा २३५० वर जातो आणि वर ५० मिमी पट्टीसाठी उरतात. बैठक वेगळी करण्याचा दुसरा फायदा पुढच्या प्रश्नात.

फरशीला उतार आहे. पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या चालतील का?

दोन-तीन महिने चालतील. मग पुठ्ठा दबतो आणि दारं खाली येतात. प्लायचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पाचरी किंवा फिरवून उंची बदलणारे पाय वापरा.

बैठकीची चौकट केली असेल तर ती रिकामी असतानाच पाणसळीत (म्हणजे अगदी आडव्या पातळीत) आणा. फरशीचा सगळ्यात उंच बिंदू शोधा आणि तिथून सुरुवात करा, कारण बाकीच्या जागा वर उचलता येतात, उंच जागा खाली नेता येत नाही. लांबीच्या दिशेने, खोलीच्या दिशेने आणि दोन्ही कर्णांवर पाणसळ ठेवून बघा. पॅकिंग, म्हणजे उंची भरून काढायला घातलेले तुकडे, बॉक्सच्या उभ्या फळ्यांच्या बरोबर खाली यायला हवं. वजन तिथूनच उतरतं. चौकट रिकामी असताना हे काम एका माणसाचं आहे. वर कपाट आलं की तेच काम तिघांचं होतं.

खाली गालिचा आहे किंवा लाकडी फ्लोअरिंग आहे. काही वेगळं करावं लागतं?

भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसवलेल्या गालिच्याखाली कडेने खिळ्यांची लाकडी पट्टी असते. कपाटाची मागची बाजू तिच्यावर चढते, पुढची बाजू मऊ गालिच्यात रुतते आणि कपाट पुढे झुकतं. हे धोकादायक आहे. बैठकीपुरता गालिचा आणि ती पट्टी कापून काढलेली बरी.

एकमेकांत अडकवलेलं, खाली न चिकटवलेलं लाकडी फ्लोअरिंग हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. त्यात आरपार स्क्रू मारून बैठक पक्की केली तर फ्लोअरिंगला सरकायला जागा उरत नाही आणि ते भलतीकडेच उचलतं. बैठक जमिनीला न ठोकता कपाट भिंतीलाच धरून ठेवा.

भिंतीच्या तळाशी स्कर्टिंग आहे, त्यामुळे कपाट मागे टेकत नाही.

स्कर्टिंग लाकडी असेल तर कपाटापुरती कापून काढा आणि तुकडा जपून ठेवा. दगडी किंवा टाइल्सची असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. बैठक स्कर्टिंगइतकी उंच आणि स्कर्टिंगच्या जाडीइतकी पुढे करा, म्हणजे बॉक्स तिच्या वरून मागे सरकतो. कपाटाच्या बाजूच्या फळीला खाच मारणं हा तिसरा पर्याय. तो टिकतो, पण कपाट पुन्हा कुठे हलवायचं झालं तर खाच आयुष्यभर दिसते.

भिंतीला स्क्रूने पक्कं करणं गरजेचं आहे का? कपाट तर जड आहे.

गरजेचं आहे. जड कपाटसुद्धा दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडले किंवा मूल त्यांवर चढलं की पुढे येऊ शकतं, आणि बैठकीवर चढवलेलं कपाट तर आणखी उंच झालेलं असतं.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की सविस्तर सांगायला हवी. वाकडी भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यात, समजा, १२ मिमी पोकळी आहे. काटकोनी पट्टी लावून स्क्रू आवळला की कपाट भिंतीकडे ओढलं जातं आणि इतका वेळ पाणसळीत आणलेला बॉक्स दोन मिनिटांत पिळतो. आवळण्याआधी त्या पोकळीत, स्क्रूच्या अगदी जवळ, मोजून १२ चं पॅकिंग सरकवा. स्क्रू आवळून झाल्यावर दोन्ही कर्ण पुन्हा मोजा; सारखे भरले तरच पुढे जा.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिल करून प्लॅस्टिकचा प्लग घाला. प्लास्टरची जाडी सोडून प्लग आत विटेत बसेल इतका लांब स्क्रू घ्या. नुसत्या प्लास्टरमध्ये तो धरत नाही. जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीत आतला उभा सांगाडा शोधून त्यातच स्क्रू मारा. स्विच किंवा सॉकेटच्या थेट वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नका, वायरी सहसा त्याच रेषांत गेलेल्या असतात.

फिलर पट्टी थेट कपाटाला चिकटवायची का?

नको. आधी बॉक्सच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या कडेशी सपाट, एक लाकडी बॅटन (आधाराची पट्टी) आतून स्क्रूने लावा. तिची रुंदी सगळ्यात अरुंद फटीपेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे ती भिंतीला टेकणार नाही. पट्टी या बॅटनवर बसते.

आता पट्टीचा दर्शनी भाग दाराच्या पातळीत ठेवायचा की बॉक्सच्या? माझं मत पक्कं आहे: दाराच्या पातळीत. दार १८ चं असेल तर पट्टीही १८ ची घ्या. पट्टी मागे राहिली की दारं बाहेर डोकावतात आणि कपाट पुन्हा सुटं दिसायला लागतं.

भिंतीचा वाकडेपणा पट्टीवर उतरवायचा कसा?

सुतार याला स्क्राइब करणं म्हणतात. साधा कंपास पुरतो, फक्त त्याचा काटा सैल नसावा.

दारं लावून, जुळवून, बंद करा. दाराची कड जिथे येते तिथून भिंतीकडे ३ मिमी सोडून एक उभी रेघ आखा. ही रेघ म्हणजे पट्टीची आतली कड. आता दारं काढून ठेवा. रेघ ते भिंत हे अंतर वरपासून खालपर्यंत मोजा. समजा सगळ्यात कमी ४२ आणि सगळ्यात जास्त ५१ आहे. पट्टी ७० रुंद घ्या. ती बॉक्सच्या पुढच्या बाजूवर अगदी ओळंब्यात धरा आणि भिंतीचं पोट जिथे आलंय तिथे टेकेल इतकी सरकवून क्लॅम्पने पक्की करा. पट्टीची आतली कड आता तुमच्या रेघेच्या २८ मिमी आत गेलेली असेल, कारण ७० वजा ४२ म्हणजे २८.

कंपास बरोबर २८ वर उघडा. काटा भिंतीवर, पेन्सिल पट्टीवर, आणि वरून खाली सावकाश ओढत आणा. यात चुकायची जागा एकच: कंपास सतत आडवा राहायला हवा. भिंतीच्या वळणाबरोबर हात वळला की उघडीप बदलते आणि रेघ खोटी पडते. गडद रंगाच्या पट्टीवर आधी मास्किंग टेप लावली तर पेन्सिल नीट दिसते.

या रेघेवर कापलेली पट्टी पोटाजवळ ४२ आणि खळग्याजवळ ५१ रुंद निघते, आणि २८ मिमी भिंतीकडे सरकवली की दोन्ही कडा आपापल्या जागी बसतात. पट्टीची रुंदी ठरवताना एवढंच बघायचं की ती सगळ्यात मोठ्या फटीपेक्षा जास्त हवी. ४५ ची पट्टी घेतली असती तर कंपास फक्त ३ वर उघडला असता आणि खळग्यात पेन्सिल हवेत राहिली असती.

कापताना लॅमिनेटची कड टवकते. काय करावं?

नेहमीच्या जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात. दर्शनी बाजू खाली ठेवून मागून कापा, किंवा उलट दातांचं पातं लावा. मागून कापणार असाल तर रेघ मागच्या बाजूवर उलटी उतरवावी लागते. तिथे गोंधळ होतो, म्हणून पट्टीवर "वर" आणि "भिंत" असं लिहून ठेवा.

रेघेच्या एक मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं कानसने किंवा रंध्याने काढा. पातं पाच-सात अंश तिरकं ठेवलंत तर मागची बाजू जास्त कापली जाते आणि भिंतीला फक्त पुढची पातळ धार टेकते. ती धार कानसने दोन हात मारून जुळवता येते; पूर्ण जाडीची कड जुळवत बसायला दिवस जातो. कापलेली कड प्रायमरने किंवा वॉर्निशने बंद करा, नाहीतर एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड दमट भिंतीतलं पाणी ओढून फुगतात.

एवढं करण्यापेक्षा फट सीलंटने भरली तर?

पट्टी बसल्यावर उरलेली दोन-तीन मिलिमीटरची फट भरायला सीलंट उत्तम. बोटभर फट त्याने भरू नये. जाड थर आक्रसतो, मधोमध खड्डा पडतो, कडेने सुटतो, आणि धूळ बसून काळी रेघ दिसते. पाच-सहा मिमीच्या वर जायची वेळ आलीच तर आधी फोमची दोरी आत दाबून मग वरून भरा. रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक घ्या. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

वरच्या फटीचं काय? छतही सरळ नाही.

बाजूची रीत वरही चालते, फक्त कंपास उभा धरायचा. पण छताला लाट असेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन: फट मिटवायचीच नाही. वरची पट्टी छताच्या १५ मिमी खाली थांबवा, दारांपेक्षा ३०-४० मिमी मागे घ्या आणि गडद रंगवा. तिथे सावली पडते आणि छताची लाट सावलीत हरवते. हवा खेळायलाही वाट राहते.

नक्षीदार मोल्डिंग ठोकून फट झाकणं सोपं आहे हे खरं. पण सरळ मोल्डिंग लाटेच्या छताला लावलं की लाट उलट उठून दिसते.

मागची भिंत बाहेरची आहे, हिवाळ्यात थंड आणि पावसाळ्यात दमट असते. कपाट बंदिस्त केलं तर बुरशी येईल का?

येऊ शकते. थंड भिंतीवर खोलीतली दमट हवा पोचली की पाणी जमतं, आणि मागे हवा हलत नसेल तर ते सुकत नाही. कपाटामागे २५ ते ५० मिमी मोकळी जागा ठेवा आणि ती हवा येती-जाती राहील असं बघा: खालच्या बैठकीला जाळीची खिडकी आणि वर ती सावलीची फट. भिंतीवर आधीच ओल असेल, रंगाचे पापुद्रे निघत असतील, तर कपाटाचं काम थांबवून आधी गळती शोधा. एकदा बंदिस्त केल्यावर ती दिसणारही नाही.

पट्टी बसवल्यावर कडेचं दार पूर्ण उघडत नाही.

पट्टी अरुंद पडली आहे. हँडल ३५ मिमी पुढे येत असेल तर भिंत आणि बॉक्स यांत निदान ४० ते ५० हवेत, नाहीतर हँडल भिंतीवर आपटतं. दार नव्वद अंश उघडलं नाही तर आतले ड्रॉवर दारालाच अडतात. आता पट्टी बदलणं अवघड वाटत असेल तर चपटं किंवा खाचेचं हँडल लावून बघा, किंवा दार दुसऱ्या बाजूने उघडेल असं करा.

पट्ट्यांना भिंतीचा रंग द्यायचा की कपाटाचा?

कपाटाचा. शक्य असेल तर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतली जादा फळी कपाटाबरोबरच मागवा आणि तिच्यातून पट्ट्या काढा. पांढरा म्हणून नंतर आणलेला पांढरा कधीच त्या पांढऱ्याशी जुळत नाही, शेजारी ठेवल्यावर एक पिवळट तरी दिसतो नाहीतर निळसर. जादा फळी मिळत नसेल तर एमडीएफच्या पट्ट्या घेऊन रंग दुकानात नमुन्यावरून जुळवून घ्या.

सरकत्या दारांचं कपाट असेल तर?

तत्त्व तेच, पण सूट कमी. रूळ पाणसळीत नसेल तर दार उताराकडे घरंगळतं आणि बंद झाल्यावर कडेला पाचरीसारखी फट दिसते. बैठकीवर दुप्पट वेळ घाला. हँडल भिंतीला लागण्याचा प्रश्न इथे नसतो, त्यामुळे बाजूची पट्टी ३० ची असली तरी भागतं.

घर भाड्याचं आहे. काही कायमचं न करता हे जमेल का?

बरंचसं जमेल. स्कर्टिंगला हात लावू नका, बैठक सुटी ठेवा, पट्ट्या गोंदाने न चिकटवता बॅटनच्या मागून स्क्रूने धरा आणि भिंतीकडच्या फटीत सीलंट भरू नका. तिरका काप नीट घेतला असेल तर त्याशिवायही फट फारशी दिसत नाही. कपाट पुढे पडू नये म्हणून भिंतीत दोन भोकं मात्र करावीच लागतात, आणि ती जाताना पुट्टीने बुजतात. घरमालकाला आधी विचारून घ्या. दुसऱ्या घरी या पट्ट्या बसणार नाहीत, कारण तिथल्या भिंती वेगळ्या वाकड्या असतील. बॉक्स आणि बैठक मात्र जातील.

सगळं झालं, आणि महिन्याभराने दारं पुन्हा खालीवर दिसायला लागली. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. कपडे, गाद्या, सुटकेस भरल्यावर वजन वाढतं, पॅकिंग थोडं दबतं आणि फळ्या आपली जागा घेतात. भरलेल्या कपाटाच्या बिजागऱ्या एकदा स्क्रूड्रायव्हरने जुळवून घ्या. वर-खालीचा फरक आधी काढा, मग डावा-उजवा, शेवटी आत-बाहेर. जुळवूनही दोन आठवड्यांत पुन्हा तोच फरक आला तर बैठकीखाली बघा: पाचर सरकलेली असेल किंवा एखादा पाय हवेत असेल.